मादामची अख्खी मिरची

मादाम माणसाची परीक्षा तो कोंबडी कशी धुतो यावरून करत. नुसती नळाखाली धरून पातेल्यात टाकणारा माणूस त्यांच्या लेखी बिनवळणाचा. आधी लिंबाच्या फोडीनं आणि जाड्या मिठानं एकेक तुकडा चोळायचा, त्यावर उकळतं पाणी ओतायचं, ते फेकून द्यायचं, पुन्हा लिंबू लावायचं आणि मग पाणी नितळ येईपर्यंत धूत राहायचं. हे सगळं इतक्या तावातावानं, की त्या कोंबडीनं आयुष्यात काहीतरी लपवलेलं आहे आणि ते त्यांना आजच्या आज कबूल करून घ्यायचं आहे. मध्येच कुणी काही सांगायला गेलं, तर मान न वळवता म्हणत, "आधी धू, मग बोल."

मी जन्मापासून शाकाहारी, तेव्हा खरं तर या परीक्षेला बसायचं मला कारण नव्हतं. तरी पहिल्याच भेटीत त्यांनी मला बसवलं. डच विमानतळाला लागून असलेल्या बाडहूव्हडॉर्पला येऊन तीन आठवडे झाले होते. निखिलचं ऑफिस स्लोटरडाइकला, आणि मी त्याच्या परमिटला जोडून आलेली बायको. कचरा टाकायला खाली गेले, दार मागे आपोआप बंद झालं आणि किल्ली आत राहिली. फोनही आतच. अंगात गाऊन, पायात चपला, बाहेर नोव्हेंबर. मी जिन्यात बसून रडत होते, तेव्हा पातीच्या कांद्याचे शेंडे पिशवीतून डोकावणारी, साठीला टेकलेली एक उंच, काळी बाई वर चढत आली. माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "रडून झालं की वर ये. दार उघडं ठेवते." मी गेले. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, केळ्याचे तळलेले काप पुढे ठेवले आणि विचारलं, "कोंबडी कशी धुतेस?" मी म्हटलं, आमच्यात खात नाहीत. "ते कळलं," त्या म्हणाल्या. "धुतेस कशी, ते विचारलं."

दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण ते मला कधी धड उच्चारता आलं नाही. इमारतीत सगळ्या बायकांना 'मेव्हराउ' म्हणायची डच पद्धत. ती त्यांनी स्वतःपुरती मोडून काढली होती. त्या हैतीच्या. डच नवऱ्याचं बोट धरून इथं आल्या, तो वारला, मुलगी मोठी होऊन नोकरीला लागली, आणि या आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर एकट्या राहिल्या. "मेव्हराउ माझी सासू होती," त्या सांगत. "मी मादाम." मग निखिल आणि मी, खालचा पोस्टमन, समोरचा पोलिश ट्रकवाला, सगळे त्यांना मादामच म्हणत.

नोकरी विमानतळाजवळच्या एका मोठ्या स्वयंपाकघरात होती. विमानात जे झाकणबंद जेवण मिळतं, ते तिथं शिजे, आणि ते भरण्याआधी चाखून बघणं हे मादामचं काम. वीस वर्षं त्यांनी ते केलं. डोक्यावरून विमान गेलं की त्या बोट वर करून म्हणत, "मीठ बरोबर आहे त्यात." त्यांच्या जिभेबद्दल त्यांना जो अभिमान होता, तो आमच्याकडे एखाद्याला मुलाच्या मार्कांचा असतो तसा होता, आणि तितकाच ऐकावा लागे.

रविवारी मात्र त्या स्वतःसाठी रांधत. हैतीचा कोंबडीचा रस्सा. आदल्या दिवशी पार्सली, पातीचा कांदा, लसूण, थाईम आणि चार लवंगा लाकडी खलात कुटून हिरवं वाटण करायचं आणि धुतलेले तुकडे त्यात रात्रभर मुरवायचे. दुसऱ्या दिवशी ते तेलात तांबूस परतायचे, टोमॅटोची पेस्ट घालायची, बेताचं पाणी घालायचं, आणि शेवटी रश्शावर एक अख्खी पिवळी मिरची देठ वर करून अलगद ठेवायची. सुरिनामी दुकानात मिळते ती, लिंबाएवढी, मुरडलेली, आणि आपल्या लवंगी मिरचीला घरी बसवणारी. ती फोडायची नाही, हलवायची नाही, नुसती तरंगू द्यायची. "मिरची रश्शाला वास द्यायला असते," मादाम म्हणत. "शिक्षा द्यायला नाही." जेवायला बसताना ती देठाला धरून उचलायची आणि बशीत ठेवून ती बशी टेबलाच्या मधोमध मांडायची. मिरची शाबूत आहे, हे पाहुण्यानं आधी बघायचं, मग चमचा उचलायचा. मी त्यांच्याकडे भात, राजमा आणि कोबीचं एक जहाल लोणचं खाई आणि ती बशी बघून मान डोलवी. मला त्यातलं काही खायचं नव्हतं, पण वासावरून मी सांगू शके की लवंग आज जास्त झाली आहे. "नाक आहे तुला," त्या म्हणत. "जीभ वाया घालवलीस."

मग ती साथ आली आणि विमानं थांबली. विमानतळाशेजारी राहणाऱ्याला ती शांतता काय होती, ते सांगून कळायचं नाही. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी जाणारा आवाज गेला, तेव्हा आम्हांला एकमेकांच्या घरातले चमचे ऐकू यायला लागले. मादामचं स्वयंपाकघर बंद झालं. "परत बोलावू" असं पत्र आलं. ते त्यांनी फ्रिजवर चिकटवलं आणि रोज वाचत. पहिला हिवाळा लागला आणि त्या आजारी पडल्या. मी दारात मऊ भात आणि सार ठेवी, बेल वाजवून खाली पळे. दोन आठवड्यांनी खोकला गेला. बाल्कनीतून हात हलवून त्यांनी मला सांगितलं, "बघ, मेले नाही."

जानेवारीतल्या एका दुपारी मी लॅपटॉप उघडून बसले होते. नुकतीच मला एक घरबसली नोकरी लागली होती, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. एकदम करपल्याचा वास आला. आधी मी माझाच गॅस बघितला. मग जिन्यात गेले आणि धावत वर. नेहमीसारखं नुसतं लोटलेलं दार ढकललं तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, राजमा कोळसा झालेला, पातेल्याचा तळ लाल. आणि तिथून चार पावलांवर मादाम खिडकीकडे तोंड करून स्वेटर विणत बसल्या होत्या. धुराचा अलार्म तळताना उगाच कोकलतो म्हणून त्याची बॅटरी त्यांनीच कधीची काढून ठेवलेली. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली. त्यांनी वळून विचारलं, "काय झालं?" 

त्या उठल्या. पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग टोपलीतली एक पिवळी मिरची घेतली, सुरीनं चिरली आणि अर्धी, बियांसकट, तोंडात टाकली. मी ओरडणार होते, पण त्यांनी हातानंच थांबवलं. त्या चावत राहिल्या आणि वाट बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी नाही, कपाळावर घाम नाही. शेवटी गिळलं आणि म्हणाल्या, "कोमट लागली. बाकी लाकडाचा भुसा." तीन आठवडे असंच होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

कुणाला म्हणजे मुलीला. मिर्लांद लायडस्खेनडाम-फोरबर्गला राहते आणि तिथल्याच एका वृद्धाश्रमात नर्स आहे. त्या वर्षी तिनं जे पाहिलं होतं, त्यानंतर तिला आईला एक दिवसही एकटी ठेवायची नव्हती. "आजारपणाचं काही मागे राहिलं असेल, तर मी येऊन घेऊन जाईन," असं तिनं बजावलं होतं. वास येत नाही आणि घरात गॅस आहे, एवढं कळलं असतं तर ती त्याच संध्याकाळी गाडी घेऊन आली असती. त्यात तिचं काही चुकलं असतं असंही नाही. पण मादामना जायचं नव्हतं. "आईचं घर असतं, म्हणून मुलगी येते," त्या मला म्हणाल्या. "आईच मुलीच्या घरात राहायला गेली, की मग कुणी कुणाकडे येत नाही." घर भाड्याचं, एकदा सोडलं की परत मिळायचं नाही. आणि फ्रिजवर ते पत्र होतं. जीभ गेलेल्या बाईला कोण परत बोलावणार? म्हणून त्यांनी माझा हात धरला, त्या काळात कुणी कुणाचा हात धरत नसताना, आणि म्हणाल्या, "परत येईल म्हणतात वास. तोवर तुझं नाक दे."

मी दिलं. सकाळी दहाला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला मी वर जाऊन घर हुंगून येई. गॅसचा वास नाही ना, काही करपत नाही ना, फ्रिजमधलं दूध नासलं नाही ना. मधल्या वेळातही माझा अर्धा जीव छताकडे. निखिल म्हणाला, "अगं, तू काय त्यांचा स्मोक अलार्म आहेस का? मुलीला सांगून टाक सरळ." मी म्हटलं, शब्द दिलाय. एकदा कॉल लांबला आणि दहाचे साडेअकरा झाले. पलीकडची बाई तिची तक्रार सांगत होती आणि मला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. कॉल संपताच अनवाणी पळत गेले. मादाम शांतपणे केळी सोलत होत्या. खाली येऊन मी निखिलवर कारण नसताना डाफरले.

फेब्रुवारीत मिर्लांदचा फोन आला, शनिवारी जेवायला येते, रस्सा कर. "जेवायला येत नाही ती," मादाम म्हणाल्या. "तपासायला येते आहे. फोनवर माझ्या आवाजात तिला काहीतरी दिसलंय." तेव्हा घरी दिवसाला एकच पाहुणा बोलवायची परवानगी होती आणि रात्री नऊनंतर संचारबंदी. म्हणजे साडेपाचला ती यायच्या आत मी वर नव्हतेच, असं व्हायला हवं होतं.

शुक्रवारी वाटण माझ्या नाकावर झालं. लसूण पुरे, थाईम अजून चिमूटभर, लवंग थांबवा. शनिवारी कोंबडी त्यांनी धुतली, आणि त्या दिवशी आधीपेक्षाही जास्त वेळ धुतली, कारण ते एकच काम असं होतं की ज्यात त्यांना कुणाची गरज नव्हती. मग परतणं. मी गॅसपाशी मास्क हनुवटीवर ओढून उभी आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत. "आता?" "अजून कच्चा वास आहे." "आता?" "आता गोडसर येतोय." "मग पाणी." मीठ त्यांनी हाताच्या अंदाजानं घातलं. चाखायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. एकीला चव कळत नव्हती आणि दुसरी तोंडात घालणार नव्हती. मादामनी आग्रह केला नाही म्हणून मला फार अवघडल्यासारखं झालं. त्यांनी मिरची देठ वर करून ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. मिर्लांद निघाली होती. "वाफेत मिरचीचा वास आला की सांग," म्हणून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या.

आमच्या घरी आमटीत मिरची टाकली, की ती शिजली का हे पळीच्या पाठीनं कडेला दाबून बघतात. आई बघे, आजी बघे, मी बघते. विचार करून करायची गोष्टच नाही ती. डोळे वाफेवर, कान फोनकडे, आणि हातानं आपलं काम केलं. मिरची पातेल्याच्या कडेला टचकन फुटली आणि बिया रश्शात पसरल्या. वाफ उठली तशी मी खोकत मागे सरले. मग जे केलं ते विचार करून केलं. चमच्यानं एक तंगडी ओढून मिरचीवर आणली आणि झाकण ठेवलं.

मादाम आत आल्या. "खोकतेस का?" "वाफ गेली नाकात." "आला का वास?" "आला." "कसा आहे?" मी म्हटलं, "छान." तेव्हा सांगितलं असतं तर अर्धा तास हातात होता. रस्सा वाढवता आला असता, नारळाचं दूध घालता आलं असतं. निदान एक थेंब मी जिभेवर ठेवला असता, तर किती बिघडलंय ते तरी कळलं असतं. सदतीस वर्षं पाळलेली गोष्ट त्या एका थेंबासाठी मोडली नाही, आणि त्याला मी धर्म वगैरे म्हणणार नाही. मी घाबरले होते. पाचला मादामनी माझ्या कोपराला कोपर लावलं, "जा आता," म्हणाल्या, आणि मी खाली आले.

साडेपाचला गाडी थांबली. जिन्यात पावलं वाजली, वरचं दार लागलं. मी आमच्या खोलीच्या मधोमध उभी राहून छत ऐकत होते. खुर्च्या सरकल्या. मग चमचे. मग एकदम काही नाही. मी मनात बघत होते, बशीत फुटकी मिरची, मिर्लांदच्या तोंडाची आग, आणि समोर मादाम, पेज खावी तशी शांतपणे खाणाऱ्या. निखिल म्हणाला, "बस की जरा." बसवेना. एक खुर्ची जोरात सरकली, दार उघडलं, आणि पावलं खाली आली. आमची बेल वाजली.

दारात मिर्लांद. मास्कवर फक्त डोळे दिसत होते, लालबुंद, आणि त्यांतून मास्कवर पाण्याच्या धारा. ती नाक ओढत होती. तिनं तोंड उघडायच्या आत मी सुरू झाले. म्हटलं, "मिर्लांद, त्यांचा काही दोष नाही. मिरची मी फोडली. त्यांना वास येत नाही, चवही लागत नाही, त्यांना कळणारच नव्हतं. मी रोज तीनदा जाऊन बघते, गॅसकडे माझं लक्ष असतं." हे सगळं मी एका दमात बोलले.

बेल वाजवून ती अंतर ठेवायला दोन पायऱ्या वर सरकली होती. तिनं बाहीनं डोळे पुसले. मग हळू आवाजात म्हणाली, "मी दही मागायला आले होते."

नंतर कळलं ते असं. मादामनी देठ धरून मिरची उचलली तेव्हाच त्यांना ती फुटलेली दिसली. क्षणभरही न थांबता त्यांनी ती बशीत ठेवली आणि म्हणाल्या, "आज थंडी आहे, मुद्दाम फोडली. तुझ्या आजोबांना अशीच लागायची." पहिल्या घासाला मिर्लांद रडायला लागली, तशा यासुद्धा रुमालानं डोळे टिपायला लागल्या, पाणी प्यायल्या, हाशहुश केलं. दोघी खूप हसल्या म्हणे. फार दिवसांनी. मिर्लांदची शंका जवळजवळ फिटली होती. शेवटी मादाम म्हणाल्या, "खालच्या पोरीकडे दही असतं नेहमी, जा, घेऊन ये."

मी वाटीभर दही दिलं. काय करणार दुसरं. ते घेऊन ती वर गेली आणि त्यानंतर वरून कसलाच आवाज आला नाही. आठ वाजता गाडी गेली, संचारबंदीच्या आत.

भाड्याच्या घराची नोटीस संपली आणि मार्चअखेर मादामचं घर रिकामं झालं. कामाच्या ठिकाणाहून बोलावणं आलंच नाही, तेव्हा त्या पत्राचं काय झालं असतं हा प्रश्नही उरला नाही. त्या पाच आठवड्यांत मादाम माझ्याशी रागावून वागल्या नाहीत, हे सगळ्यात जड गेलं. मी दहाला, एकला, सहाला जातच राहिले आणि त्या दार उघडतच राहिल्या. निघायच्या दिवशी खाली अंगणात आम्ही नियमाप्रमाणे दीड मीटरवर उभ्या होतो. मिर्लांद गाडीत सामान लावत होती. लाकडी खल मादामच्या काखेत होता, तो त्यांनी कुणाला धरू दिला नाही. मी म्हटलं, "मादाम, ते चुकून निघालं हो माझ्या तोंडून." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "लोकांना तसंच सांग. चुकून बोललीस. पण तू दमली होतीस, पोरी. मला दिसत होतं. मीच सोडवायला हवं होतं तुला." आणि गाडीत बसल्या. मला नाही म्हणता आलं नाही. आजही येत नाही.

विमानं परत सुरू झाली. वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायला आलं. त्यांच्याकडे बिनज्योतीची शेगडी आहे आणि अलार्मला बॅटरीही आहे. तरी दहाला मी जिन्यात जाऊन एकदा हुंगते. निखिल आता काही म्हणत नाही. मादामना मी दर महिन्याला फोन करी. त्या हवापाण्याचं बोलत, मिर्लांदच्या ड्यूट्यांचं बोलत, स्वयंपाकाचं कधी नाही. प्रत्येक वेळी मी मनाशी ठरवी की आज त्या दिवसाबद्दल पुरतं बोलायचं, आणि प्रत्येक वेळी हवापाण्यावरच फोन ठेवी.

असं दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी त्यांचाच फोन आला. पाठीमागे नळ चालू होता. "लिंबाचा वास आला," त्या म्हणाल्या. "धड नाही, साबणासारखा. पण आला. मिर्लांद कामावर आहे. म्हटलं, आधी तुला सांगावं." मला रडू फुटलं, आणि दोन वर्षं साठवलेलं सगळं एकदम ओठांवर आलं. मी "मादाम, त्या दिवशी मी," एवढं म्हटलं असेल.

"आधी धू, मग बोल," त्या म्हणाल्या, आणि फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग लिंबाची फोड चोळल्याचा, किटलीतलं पाणी ओतल्याचा, पुन्हा नळाचा. बराच वेळ त्या धूत होत्या. मी फोन कानाला लावून थांबले. या वेळी मध्ये बोलले नाही.